लेकराबाळांसकट बेघर झालेली कुटुंबं: गटाने नेमकं काय करावं?

निळी_छत्री (धागाकर्ती)

आमचा तीसेक जणांचा गट आहे. दरमहा थोडी पण नियमित वर्गणी जमते, शनिवार-रविवारी वेळ देणारी माणसं आहेत, चार-पाच जणांकडे गाड्या आहेत आणि रात्री रिकामा असणारा एक हॉल मिळू शकतो. बेघर कुटुंबांसाठी काही करायचं एवढं ठरलंय. बैठकीत दोन सूचना आल्या: ब्लँकेटं वाटू आणि हॉलमध्ये रात्रनिवारा सुरू करू. दोन्हींबद्दल मला शंका आहे, पण विरोध करायला मुद्दे नाहीत.

रस्त्यावर बहुतेक एकटी माणसं, त्यातही पुरुषच दिसतात. मग मुलंबाळं असलेली कुटुंबं असतात कुठे? थोडक्या पैशांचा सर्वांत जास्त उपयोग कुठे होतो? हॉलमध्ये कुटुंबांना झोपवणं शहाणपणाचं आहे का? मुलांच्या शाळेचं काय करायचं? या कामातल्या लोकांनी तपशीलवार सांगावं. 'जनजागृती करा' छापाची उत्तरं नकोत, प्लीज.


मोजपट्टी

कुटुंबं दिसत नाहीत कारण मूल पदरात असलेलं माणूस रस्त्यावर झोपायच्या आधी सगळे दरवाजे ठोठावतं. आधी आईवडील किंवा भाऊबहीण, मग मैत्रीण, मग कामावरचं कोणी, मग दिवसाच्या भाड्याची खोली, मग गाडी. प्रत्येक ठिकाणी दोन दिवस ते दोन महिने. 'मुलं काढून नेतील' ही भीती असतेच, त्यामुळे हे सगळं गुपचूप चालतं. ओळखीतल्यांनासुद्धा 'सध्या ताईकडे राहतोय' एवढंच कळतं.

आकड्यांमध्येही हीच गंमत होते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, फलाटावर राहणारे, अशी व्याख्या होती. आकडा आला सुमारे १७.७ लाख. त्या रात्री मावशीच्या घरात सातवं-आठवं माणूस म्हणून जमिनीवर झोपलेलं कुटुंब या व्याख्येत बसतच नाही. अमेरिकेत दोन खाती दोन वेगळे आकडे देतात. गृहनिर्माण खातं जानेवारीतली एक रात्र धरून निवाऱ्यातले आणि उघड्यावरचे लोक मोजतं. शिक्षण खातं वर्षभरात बेघर ठरलेली शाळकरी मुलं मोजतं आणि त्यात दुसऱ्याच्या घरी नाइलाजाने राहणारीही धरतं. शिक्षण खात्याच्या यादीतली तीनचतुर्थांशाच्या आसपास मुलं अशीच दुसऱ्यांच्या घरात असतात, म्हणजे पहिल्या मोजणीच्या बाहेर.

युरोपात २००५ पासून वापरात असलेल्या वर्गवारीत चार पायऱ्या आहेत: छप्पर नसलेले, छप्पर आहे पण घर नाही असे (निवारे, वसतिगृहं), घर आहे पण कधीही जाईल असे, आणि राहण्यालायक नसलेल्या घरात राहणारे. तुमच्या गटाने तिसरी पायरी डोक्यात ठेवावी. तिथे मदत स्वस्त पडते.

कारणांबद्दल थोडं. मुळाशी भाडं आणि कमाई यांतली दरी असते, त्यावर एखादा धक्का बसतो: काम सुटणं, आजारपण, मारहाण, ज्याच्याकडे राहत होते त्याच्याशी भांडण, किंवा बाळंतपण. शेवटचं लोकांच्या लक्षात येत नाही. खर्च वाढतो, एकाची कमाई थांबते आणि ठेवून घेणारे नातलगही 'आता जागा पुरत नाही' म्हणतात, सगळं एकाच महिन्यात. अमेरिकेत माणूस निवाऱ्यात असण्याची शक्यता ज्या वयात सर्वाधिक असते ते वय आहे आयुष्याचं पहिलं वर्ष. व्यसन आणि मानसिक आजार ही कारणं एकट्या, दीर्घकाळ रस्त्यावर राहणाऱ्यांत जास्त आढळतात. ती सरसकट कुटुंबांना चिकटवू नका.

म्हणून बॅटऱ्या घेऊन रात्री फेरी मारू नका. शाळेच्या कार्यालयातला लेखनिक, प्रसूतिकक्षातली परिचारिका, लहान मुलांचा दवाखाना, वाचनालय, भाड्याने खोल्या देणारे: यांना तुमचा फोन नंबर द्या. खुणाही सांगा. वर्षात तीनदा पत्ता बदललेला, 'पत्ता नंतर देते' हे वारंवार येणारं उत्तर, बाळंतिणीला घरी सोडताना 'घरी' म्हणजे कुठे हे न सांगता येणं, मूल सगळं सामान दप्तरात घेऊन फिरणं.


हिशेबनीस

पैशांच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: घर सुटण्याआधी घाला. सुटलेलं घर परत मिळवायला अनामत, पहिलं भाडं, वाहतूक, सामान, वीजजोडणी असं सगळं नव्याने लागतं आणि मधल्या काळात काम आणि शाळा दोन्ही सुटतात.

शिकागोमध्ये भाडं थकलेल्यांसाठी फोनवर तातडीची एकवेळची मदत मिळते. निधी कधी असतो, कधी संपलेला असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निधी असताना फोन केलेले आणि संपल्यावर फोन केलेले यांची तुलना झाली. निधी असताना फोन करणाऱ्यांचं पुढच्या सहा महिन्यांत निवाऱ्यात जाण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असली की स्थानिक प्रशासनाला हालचाल करावी लागते. तुम्हीही साधारण हाच काळ धरा: नोटीस हातात पडल्यापासून दोन महिने.

आता पद्धत. पहिल्या भेटीत चारच गोष्टी विचारा: महिन्याला हातात येणारे पैसे, भाडं, थकबाकी आणि घर सोडायची तारीख. बाकीची कर्मकहाणी त्यांना सांगावीशी वाटली तर ऐका, खोदून विचारू नका. थकबाकी शून्य केली तर पुढच्या महिन्याचं भाडं स्वतःच्या कमाईतून निघतं का, हे तिथेच कागदावर मांडून बघा. निघत असेल तर थकबाकी भरा. निघत नसेल तर ती भरून फक्त दोन महिने विकत घेता, आणि मग तोच पैसा स्वस्त घराच्या अनामतीला वापरलेला बरा. या फरकाकडे दुर्लक्ष झालं की निधी गळतो.

पैसे घरमालकाच्या खात्यात, बँकेमार्फत आणि आधी लेखी घेऊन. त्या कागदावर एकूण येणं किती, किती रक्कम पूर्ण भरपाई म्हणून मान्य, नोटीस मागे घेतली आणि किमान सहा महिने भाडेकरार चालू राहील, एवढं हवं. हा कागद नसला की काय होतं? मालक पैसे घेतो, उरलेली रक्कम 'विलंब आकार' म्हणून दाखवतो आणि घर खाली करून घेतोच. दुसरी नेहमीची चूक कोर्टाच्या तारखेची. पैसे भरले म्हणजे प्रकरण मिटलं असं समजून कुटुंब तारखेला जात नाही, एकतर्फी हुकूम होतो आणि भरलेल्या पैशांची पावती घरात पडून राहते. पैसे भरले तरी तारखेला जायचं आणि तडजोडीचा कागद दाखल करायचा. सोबत गटातलं एक माणूस पाठवा. त्याने वकिली करू नये, फाइल सांभाळावी आणि पुढची तारीख लिहून घ्यावी.

निर्णय ४८ तासांत व्हायला हवा. समितीची पुढची बैठक रविवारी आणि बेलिफ (घर खाली करून घ्यायला येणारा कोर्टाचा माणूस) शुक्रवारी, असं चालत नाही. दोन सह्यांचा अधिकार द्या आणि एका कुटुंबासाठी कमाल मर्यादा ठरवा. मी तीन महिन्यांचं भाडं धरेन. निधीचा एक हिस्सा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासाठी बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्या दहा दिवसांत विचारणाऱ्यांनाच सगळा जातो.

कोणाला द्यायचे? इथे माणसाचा अंदाज फसतो. न्यूयॉर्कमध्ये घर सुटू नये म्हणून मदत मागणाऱ्या ११,१०५ कुटुंबांच्या माहितीवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. कर्मचाऱ्यांच्या अंदाजापेक्षा साध्या गुणतक्त्याने निवड केली असती, तर पुढे खरोखर निवाऱ्यात गेलेल्यांपैकी २६ टक्के जास्त कुटुंबं हेरता आली असती आणि सुटलेल्यांची संख्या जवळपास दोनतृतीयांशाने घटली असती. त्या तक्त्यात वजन होतं ते अशा गोष्टींना: आधी निवाऱ्यात राहिलेलं असणं, हातात नोटीस असणं, करार स्वतःच्या नावावर नसणं, गरोदरपण, दोन वर्षांखालचं मूल, कुटुंबप्रमुख अगदी तरुण असणं, वर्षभरात वारंवार घर बदलणं. शहाणी, नीटनेटकी, 'मदतीचं चीज करतील' अशी कुटुंबं निवडण्याचा मोह होतो. त्यातली बरीचशी तुमच्या मदतीशिवायही तरली असती. ज्यांचं प्रकरण हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं, पैशाने सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

नातलगाकडे आश्रयाला असलेल्यांसाठी याहून स्वस्त उपाय आहे. यजमानाचा राग बहुतेकदा तीन-चार ठरावीक गोष्टींवर असतो: वीज-पाण्याचं बिल, स्वयंपाकघराच्या वेळा, सामानाचा पसारा आणि एकमेकांच्या मुलांना रागावणं. दोघांना बसवून हे एका पानावर लिहून घ्या, वर 'अमुक तारखेपर्यंत' असं टाका आणि बिलातला वाटा निधीतून द्या. जास्तीच्या दोन गाद्या आणि सामानाला बाहेर जागा मिळाली तर त्या घरात तीन महिने सहज निघतात. तेवढ्यात घर शोधता येतं.


वाकडी_रेघ

थोडा विरोधी सूर लावतो. आयतं भाडं भरलं की सवय लागते. आधी सहा महिने-वर्ष कुठेतरी संक्रमण निवासात ठेवा, खर्चाची शिस्त, समुपदेशन, कामाचं प्रशिक्षण द्या आणि मग घर द्या. पाया पक्का नको का?


हिशेबनीस

@वाकडी_रेघ, हा प्रश्न अंदाजावर सोडायची गरज नाही, प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १२ ठिकाणच्या निवाऱ्यांतली २,२८२ कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटली: दीर्घकालीन भाडेसाहाय्य, थोड्या महिन्यांचं भाडेसाहाय्य, सेवांसह संक्रमण निवास (म्हणजे तुम्ही म्हणता तेच) आणि नेहमीची व्यवस्था. तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. दीर्घकालीन भाडेसाहाय्य मिळालेल्यांत पुन्हा बेघर होणं नेहमीच्या व्यवस्थेच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं. मुलांच्या शाळा कमी बदलल्या, घरातली मारहाणही घटली, आणि तीन वर्षांचा एकूण खर्च फक्त ९ टक्के जास्त. संक्रमण निवास महाग पडला आणि कुटुंबाच्या तब्येतीत, कमाईत किंवा मुलांच्या प्रगतीत ठळक फरक दिसला नाही.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. भाडेसाहाय्य मिळालेल्यांत सुरुवातीला काम करण्याचं प्रमाण थोडं घटलं होतं, ते नंतर मावळलं. थोड्या महिन्यांच्या साहाय्याने निकाल नेहमीच्या व्यवस्थेइतकेच आले, पण कमी खर्चात.

आणि प्रशिक्षण देऊच नये असं कोणी म्हणत नाहीये. ते घराची अट म्हणून लावू नये, एवढंच.


रात्रपाळी

हॉलबद्दल. माझं मत 'करू नका' असंच आहे. तरीही करणार असाल तर काय लागतं ते सांगते, म्हणजे निर्णय डोळसपणे होईल.

मोठ्या हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकल्या की कुटुंबांसाठी तो निवारा उरत नाही. रडणाऱ्या बाळाला घेऊन आई रात्रभर फेऱ्या मारते, कारण इतर जण ओरडतात. दहा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला आडोसा नसतो. प्रत्येक कुटुंबाला छतापर्यंत आडभिंत आणि आतून कडी लागणारं दार हवं. पडदा चालत नाही. दोन बाजूंना बाहेर पडायचे मार्ग, धूर ओळखणारी यंत्रं, खोलीत उघडी ज्योत नाही. स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा. रात्री दोन जण जागे, त्यातली किमान एक बाई. झोपून पहारा देणारे स्वयंसेवक धरायचे नाहीत.

तान्ह्या बाळासाठी स्वतंत्र, सपाट, घट्ट गादीचा छोटा पाळणा किंवा घडीची खाट. बाळ पाठीवर झोपवायचं, शेजारी उशी किंवा सैल पांघरूण नको. दमलेल्या आईच्या कुशीत अरुंद गादीवर बाळ गुदमरण्याचा धोका खरा असतो. औषधं आणि काढून ठेवलेलं दूध यासाठी नावं लावलेला फ्रिज. प्रत्येक कुटुंबाला कुलपाचं कपाट आणि एक चार्जिंग पॉइंट; घरमालक, शाळा, कामाचं ठिकाण सगळं फोनवर चालतं.

नियमांत सर्वांत घातक नियम म्हणजे वयाचा. 'बारा वर्षांवरचे मुलगे चालणार नाहीत', 'वडिलांनी पुरुषांच्या निवाऱ्यात जावं' हे सोयीचं वाटतं, पण त्याचा परिणाम कुटुंब तुटण्यात होतो. मोठ्या मुलाला सोडायचं नाही म्हणून आई सगळ्यांना घेऊन गाडीत झोपते. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या कुटुंब-निवाऱ्यांना १८ वर्षांखालच्या मुलाच्या वयावरून प्रवेश नाकारायला मनाई केली ती याचसाठी. दुसरा नियम 'सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सातला आत'. आजारी मूल, रात्रपाळी करणारा बाप, ओली बाळंतीण यांनी दिवसभर जायचं कुठे? कुटुंबांचा निवारा चोवीस तास उघडा हवा, आणि तो तीस जणांच्या शनिवार-रविवारच्या वेळेत होत नाही.

ढेकूण, खरूज, कांजिण्या, जुलाब येणारच. खरूज निघाली तर एकाला मलम लावून भागत नाही. कुटुंबातल्या सगळ्यांवर एकाच वेळी डॉक्टरी उपचार, त्याच दिवशी अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन गरम हवेत वाळवायचे आणि धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत तोंड बांधून ठेवायच्या. किडा त्वचेबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

तात्पुरती सोय खोलीची असली तरी कालमर्यादा लावा. इंग्लंडमध्ये कुटुंबांना सामायिक स्वयंपाकघर-बाथरूमच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' खोल्यांत सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, असा नियम एप्रिल २००४ पासून आहे. तो अनेकदा मोडला जातो, पण निदान मोडला हे मोजता येतं.

हॉलचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग सामान ठेवायला. हसू नका. घर सुटतं तेव्हा कुटुंबाकडे दोन तास आणि एक रिक्षा-टेम्पो असतो. उरलेलं सगळं रस्त्यावर जातं: गाद्या, भांडी, शिलाई मशीन, वह्या, लग्नाचे फोटो. मशीन गेलं की कमाई गेली. लोखंडी रॅक, जमिनीपासून वीतभर उंच. एका कुटुंबाला एक कप्पा. सामान आत घेताना दोन प्रतींत यादी आणि फोटो, गोण्यांना क्रमांकाची सीलं, यादीवर दोघांच्या सह्या. रोकड, दागिने, गॅस सिलिंडर, खाण्याचे पदार्थ घ्यायचे नाहीत. आठवड्यातून दोन ठरावीक वेळा उघडायचं आणि त्यातली एक संध्याकाळची ठेवायची, कारण दिवसा ते कामावर असतात. मुदत सहा महिने, वाढवता येणारी. मुदतीनंतर विल्हेवाट लावण्याआधी तीन वेळा संपर्क केल्याची नोंद हवी. किल्ल्या दोघांकडे, एकट्याने कप्पा उघडायचा नाही.


खडूफळा

शाळेचं सांगतो. एकच तत्त्व: राहण्याची जागा बदलली तरी शाळा बदलू देऊ नका. आधीच सगळं सुटलेल्या मुलाकडे तेच शिक्षक आणि तेच मित्र एवढंच जुनं उरलेलं असतं.

अमेरिकेत १९८७ पासूनच्या कायद्याखाली बेघर मुलाला कागदपत्रं नसली तरी ताबडतोब प्रवेश, मूळ शाळेतच राहण्याचा हक्क, तिथपर्यंतची वाहतूक आणि प्रत्येक शालेय जिल्ह्यात यासाठी नेमलेला माणूस मिळतो. भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. शाळेशी बोलायला जाताना कलम छापून न्या. कलम ५ आणि १४. वाद घालायची वेळ सहसा येत नाही, कागद पाहिला की कार्यालयाचा सूर बदलतो.

व्यवहारात मूल गळतं ते प्रवासावरून. नवी जागा दूर, पहाटे निघावं लागतं, भाडं परवडत नाही, आठवड्यात दोन दांड्या आणि महिन्याभरात नाव कमी. म्हणून जागा बदलल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रवासाची सोय लागायला हवी. पास काढून द्या, किंवा तुमच्या चार-पाच गाड्यांचं वेळापत्रक करा. मुलांना ने-आण करणारे दोन मोठे एका वेळी, पालकांची लेखी संमती, आणि चालकांची पडताळणी झालेली. ही पडताळणी 'ओळखीतलेच आहेत' म्हणून टाळू नका.

बाकी छोट्या गोष्टी. गणवेशाचा एक जोड आणि वह्यांचा एक संच शाळेतच ठेवा. हात-तोंड धुवायला पंधरा मिनिटं आधी आत येऊ द्या. गृहपाठात तक्ते, प्रतिकृती, इंटरनेट लागत असेल तर ते शाळेच्या वेळेत करू द्या. वर्गशिक्षकांना गरज सांगा, कारण सांगू नका: 'याला दुपारी अर्धा तास बसायला जागा हवी' एवढं पुरतं. प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर बोलावून दप्तर देण्याचा कार्यक्रम केलात तर मूल दुसऱ्या दिवशी येणार नाही.

आणि कागदपत्रांची पिशवी. जलरोधक, चेनची. जन्मदाखले, ओळखपत्रं, लसीकरणाची नोंद, गुणपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, भाड्याच्या पावत्या. मूळ प्रती कुटुंबाकडेच, तुमच्याकडे स्कॅन, तेही त्यांच्या परवानगीने. गटाने 'सुरक्षित ठेवतो' म्हणून मूळ कागद घेतले की एखाद्या रविवारी कपाटाची किल्ली असलेला माणूस गावाला गेलेला असतो आणि सोमवारी सकाळी त्यांची तारीख असते.


निळी_छत्री

खूप उपयोगी. ब्लँकेटं बाद, हॉलचा विचारही बदलतोय. दोन प्रश्न राहिले. नवऱ्याच्या मारहाणीमुळे मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईसाठी यातलं काय वेगळं? आणि घर मिळाल्यावर आपलं काम संपतं का?


कडीकोयंडा

मारहाणीचं प्रकरण असेल तर वरचा 'दोघांना बसवून लिहून घ्या' हा सल्ला पूर्ण विसरा. समेट घडवायला जाऊ नका. घर सोडतानाचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, आणि मध्यस्थीच्या बैठकीत त्याला तिचा ठावठिकाणा कळतो.

पहिलं काम फोन. लोकेशन शेअरिंग बंद, त्याला माहीत असलेले पासवर्ड बदलणं, कुटुंबाचं एकत्र खातं असेल तर त्यातून बाहेर पडणं. हे नव्या जागी पोचायच्या आधी. मुलांचा टॅब आणि खेळांची खाती हमखास राहून जातात आणि पत्ता तिथूनच फुटतो. पण सगळं एकदम बंद झालं की त्याला संशय येतो, म्हणून ती अजून घरात असेल तर कशालाही हात लावू नका. योजना दुसऱ्या फोनवरून करा. बँकेचा पत्ता, पार्सलचा पत्ता, दवाखान्यातली नोंद बदलताना नवा पत्ता देऊ नका. टपालासाठी तुमच्या संस्थेचा पत्ता द्या. शाळेत मुलांना कोण नेऊ शकतं याची यादी लेखी बदलून घ्या आणि न्यायालयाचा काही आदेश असेल तर त्याची प्रत द्या.

स्वयंसेवकाच्या घरी ठेवू नका. मन मोठं असलं तरी ते घर त्याला शोधायला सोपं आणि तुम्हाला राखायला अवघड. या कामाच्या प्रशिक्षित संस्थेकडे सोपवा, तुम्ही प्रवास, सामान आणि पैसे बघा. गटाच्या व्हॉट्सॲपवर नाव, परिसर, मुलांची वयं, काहीही नाही. 'दोन मुलं असलेल्या ताईंना गादी हवी' हा निरोप तीस फोनांवरून कुठे जाईल सांगता येत नाही. तिथे फक्त 'एक गादी हवी' लिहा.


रात्रपाळी

घर मिळाल्यावरचं मी सांगते. पहिल्या रात्री लागणारं सामान एका टेम्पोत बसतं: माणशी गादी-उशी-पांघरूण, दिवे, दाराला नवं कुलूप (जुन्या किल्ल्या कोणाकडे आहेत माहीत नसतं), खिडक्यांना पडदे, बादली-मग, शेगडी, झाकणाची दोन पातेली, सुरी, माणशी ताट-वाटी-पेला, साबण, सॅनिटरी पॅड, केरसुणी, फर्स्टएड. किल्ली हातात येण्याच्या आदल्या दिवशी हे तयार हवं. कपाटं, टीव्ही, सोफे नंतर, आणि त्यांना विचारून. जुने कपडे स्वीकारूच नका, त्यांची छाटणी करण्यात तुमचे सगळे रविवार जातील.

घर ताब्यात घेण्याआधी वीज आणि पाण्याच्या मीटरवर आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे का बघा, आणि मीटरचा आकडा, भिंतींची ओल, तुटलेल्या काचा यांचे तारखेसह फोटो काढा. अनामत परत मिळताना हेच फोटो कामाला येतात.

नंतरच्या सोबतीसाठी न्यूयॉर्कमध्ये विकसित झालेली एक पद्धत आहे: नऊ महिने, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात आठवड्याला प्रत्यक्ष भेट आणि डॉक्टर, शाळा, शेजार, पाळणाघर अशा जोडण्या करून देणं. दुसऱ्यात त्यांनी स्वतः करायचं, अडलं तर तुम्ही. तिसऱ्यात हळूहळू बाहेर पडायचं, शेवटची तारीख आधीच सांगून. एका कुटुंबामागे दोन ठरलेली माणसं पुरतात. तीस जण आळीपाळीने गेले तर त्यांना तीस वेळा तीच कहाणी सांगावी लागते.

घसरण बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. नव्याची नवलाई संपलेली असते, उसनवारी परत मागितली जाते, एखादं मूल आजारी पडतं आणि भाडं अर्धं जातं. म्हणून भाड्याच्या तारखेच्या पाच दिवस आधी एक फोन ठेवा. 'या महिन्यात जमतंय ना?' एवढंच. घरमालकालाही एक नंबर देऊन ठेवा: भाडं चुकलं तर नोटिशीआधी इथे फोन करा. असा फोन येणार असेल तर कितीतरी मालक लेकुरवाळ्या भाडेकरूला घर द्यायला तयार होतात, अनामतही कमी घेतात.


निळी_छत्री

शेवटचा प्रश्न: वर्गणीदार फोटो मागतात. नाही म्हटलं तर वर्गणी आटते. काय दाखवायचं?


हिशेबनीस

महिन्याचा एक तक्ता दाखवा, नावांशिवाय. किती फोन आले, किती जणांना ४८ तासांत उत्तर गेलं, किती थकबाकी भरली, किती अनामती दिल्या, किती मुलांची शाळा तीच राहिली. त्याखाली एक ओळ, जी बहुतेक गट टाळतात: सहा महिन्यांपूर्वी मदत केलेल्यांपैकी आज किती जण त्याच घरात आहेत, किती दुसऱ्या घरात, किती पुन्हा बेघर, कितींशी संपर्क तुटला. संपर्क तुटलेल्यांना यशात धरू नका. गट लहान असेल तर हे आकडे दर तिमाहीला एकत्र द्या, नाहीतर 'मार्चमध्ये एक कुटुंब' म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

फोटोच हवा असेल तर सामानाच्या रॅकचा काढा, सीलवरचे क्रमांक आणि गोण्यांवरची नावं दिसणार नाहीत असा.